तो स्कॉटिश दगड खरा आहे का?

(पुस्तकांच्या पार्सलसोबतचं माहितीपत्रक)

राजचिन्हाच्या शोधावरची स्कॉटिश साहसकादंबरी आमच्याकडून गेली की आठवडाभरात फोन येतो, "असा दगड खरंच आहे का हो?" आहे. म्हणून हा कागद आता पार्सलमध्येच घालतो. कादंबरीतलं रहस्य यात फोडलेलं नाही, निर्धास्त वाचा.

हा दगड म्हणजे ‘स्टोन ऑफ स्कोन’, स्कॉटलंडमधल्या स्कोन गावचा. गावाचं नाव छापतात ‘स्कोन’, पण म्हणतात ‘स्कून’. चहासोबत खातात त्या ‘स्कोन’ नावाच्या पावाशी त्याचा संबंध नाही. तिथल्या मठातल्या या वालुकाश्मावर स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक होई. वजन १५२ किलो, म्हणजे तांदळाची तीन पोती. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो लुटून लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये नेला आणि त्यासाठी खास खुर्ची घडवून घेतली.

पुढचा भाग कुठल्याही कादंबरीला भारी आहे. १९५० च्या नाताळच्या पहाटे चार स्कॉटिश विद्यार्थी दगड स्कॉटलंडला परत नेण्यासाठी ॲबीत घुसले. दगड ओढताना त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा गाडीत असतानाच पोलीस आला, तेव्हा त्यांच्यातल्या इयन हॅमिल्टन आणि के मॅथेसन यांनी प्रेमी युगुलाचं सोंग वठवून वेळ मारून नेली. ग्लासगोच्या एका पाथरवटाने तुकडे सांधले. सांधताना त्याने आत चिठ्ठी ठेवली, असं सांगतात. एप्रिल १९५१ मध्ये दगड स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथच्या पडक्या मठात सापडला. खटला कुणावरच भरला गेला नाही.

त्या पाथरवटाने दगडाच्या प्रतिकृतीही केल्या होत्या. त्यामुळे वेस्टमिन्स्टरला परत गेला तो अस्सलच का, ही शंका राहिली आणि लेखकांचं फावलं. त्याहून जुनी दंतकथा अशी की, १२९६ मध्येच भिक्षूंनी एडवर्डच्या गळ्यात भलताच दगड मारला आणि खरा डन्सिनेन टेकडीत दडवला. हा दगड बायबलमधल्या, म्हणजे दूर पश्चिम आशियातल्या, याकोबाची उशी होता, असंही म्हणत. तपासणीत तो स्कूनच्याच परिसरातला निघाला, त्यामुळे उशीची कथा बाद झाली. भिक्षूंची मात्र होत नाही. खोटा दगडही त्यांनी जवळपासचाच उचलला असता, नाही का?

कथेत दगड वेस्टमिन्स्टरमध्ये असेल, तर काळ १९९६ च्या आधीचा धरा. एडिंबरा किल्ल्यात असेल, तर त्यानंतरचा. मार्च २०२४ पासून तो स्कूनशेजारच्या पर्थ शहरातल्या संग्रहालयात आहे. जुन्या पुस्तकात पत्ता वेगळा दिसला, तर ती छपाईची चूक नाही. त्यासाठी पुस्तक बदलून मिळणार नाही.