सरासरी परतावा तोच, मग पैसे आधी का संपतात?

निवृत्तीच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये वय, बचत, खर्च आणि अपेक्षित परतावा भरला की तो ‘पैसे ८७ व्या वर्षापर्यंत पुरतील’ असं छातीठोकपणे सांगून मोकळा होतो. इतक्या खात्रीनं ज्योतिषीही बोलत नाहीत. ते निदान ग्रहांवर ढकलायची सोय ठेवतात.

आधी खर्च. तो आठवून लिहू नका. गेल्या १२ महिन्यांत खात्यातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम घ्या. निवृत्तीआधी फिटणारे कर्जाचे हप्ते वगळा. छताची दुरुस्ती, गाडी, दात हे खर्च हमखास विसरले जातात. दर १० वर्षांनी येणाऱ्या खर्चाचा दहावा हिस्सा वर्षाच्या हिशेबात धरा. त्यात कर मिळवा, पेन्शन वजा करा. (महागाईबरोबर न वाढणारी पेन्शन दरवर्षी थोडी थोडी आटत जाते, हे ध्यानात ठेवून.) उरली ती वार्षिक तूट. राहतं घर सोडून बाकीची बचत या तुटीच्या किती पट आहे, ते काढा.

आता महागाई ६ टक्के आणि परतावा ८ टक्के धरू. खरा परतावा, म्हणजे महागाई वगळून उरणारा, १.०८ भागिले १.०६, म्हणजे वर्षाला जेमतेम १.९ टक्के. या दरानं ३० वर्षं काढायला तुटीच्या साधारण २३ पट बचत लागते. कॅल्क्युलेटर इथे थांबतो. गंमत पुढेच आहे, कारण परतावा दरवर्षी सारखा येत नाही.

महागाई बाजूला ठेवून १०० भाग बचत घ्या. ५ वर्षांचे परतावे: उणे २०, उणे १०, मग १०, १५ आणि २० टक्के. पैसे काढलेच नाहीत तर शेवटी १०९.३ भाग होतात. हाच क्रम उलटा केला तरी १०९.३ च, कारण गुणाकारात क्रमानं फरक पडत नाही. आता दरवर्षी सुरुवातीला ५ भाग काढा. पडझड आधी आली तर उरतात ७६.५, शेवटी आली तर ८७.७. सरासरी तीच, तरी दोन वर्षांच्या खर्चाहून मोठा फरक! मधे वजाबाकी घुसली की क्रमाला महत्त्व येतं. भाव २० टक्के पडल्यावर तेवढेच पैसे उभे करायला २५ टक्के जास्त युनिट्स (फंडातले हिस्से) विकावी लागतात, आणि विकलेली युनिट्स पुढच्या तेजीत वाढायला हजर नसतात. म्हणून निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं सर्वांत नाजूक.

विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागारानं १९९४ मध्ये १९२६ पासूनची अमेरिकन आकडेवारी घेऊन हेच तपासलं. पहिल्या वर्षी बचतीच्या ४ टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची. अशानं पैसे किमान ३० वर्षं टिकले. ४ टक्के म्हणजे पंचविसावा हिस्सा, म्हणून ‘तुटीच्या २५ पट बचत’ हा प्रसिद्ध आकडा इथूनच आला. विशेष म्हणजे सर्वांत हाल १९२९ च्या मंदीत सापडलेल्यांचे झाले नाहीत. तेव्हा वस्तूंच्या किमतीही उतरल्या होत्या. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांवर मात्र बाजाराची घसरण आणि चढती महागाई दोन्ही एकदम कोसळली. हा नियम एका देशाच्या इतिहासातून निघालेला आहे, गुरुत्वाकर्षणासारखा नाही. ४० वर्षं काढायची असतील तर २५ पटीवर विसंबू नये.

यावर एक उपाय ठेवींचा. दोन-तीन वर्षांची तूट भागेल एवढी रक्कम ठेवींत असेल तर पडत्या भावात विक्री टळते. पण तेजीत ती पुन्हा भरायची राहून गेली तर दुसऱ्या मंदीत उपयोग शून्य. आणि फार मोठी ठेवली तर महागाई ती खाऊन टाकते.

दुसरा उपाय हात आखडण्याचा. वरच्या वाईट क्रमात फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ५ ऐवजी ४ भाग काढले, तर अखेरीस ७६.५ ऐवजी ७९.४ उरतात: वाचवले २, हाती आले जवळजवळ ३.