घरी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणं

गाडीच्या चेंबरमधलं (इंजिनाखालचं ऑइल साठवायचं भांडं) जुनं ऑइल खालच्या नटातनं काढायचं, फिल्टर नवा बसवायचा आणि कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ताजं ऑइल वरनं भरायचं, हे सगळं गॅरेजात न जाता घरच्या अंगणात किंवा पोर्चमध्ये केलं की त्याला घरचा ऑइल चेंज म्हणतात. इंदूरात राजेंद्रनगर, लोकमान्यनगरसारख्या मराठी वस्त्यांतल्या बैठ्या घरांना यासाठी लागणारी जागा अजून आहे, फ्लॅटच्या बेसमेंटमध्ये मात्र हे अवघड जातं.

फिल्टरचं मूळ. ऑइल फिल्टरचं श्रेय बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या अर्नेस्ट स्वीटलंड यांना दिलेलं सापडतं, साल साधारण १९२३, आणि सोबत जॉर्ज ग्रीनहॉल्घ यांचं नाव येतं. त्यांच्या फिल्टरला प्युरोलेटर म्हणायचे, प्युअर, ऑइल आणि लेटर हे तीन शब्द जोडून केलेलं नाव. पण ‘शोध’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरायला हवा, कारण स्वीटलंड मुळात खाणी आणि रासायनिक कारखान्यांसाठी गाळणयंत्रं करणारे, म्हणजे गाळायची कला जुनीच होती, ती गाडीत आणली एवढं त्यांचं. त्याआधी चेंबरमध्ये फार तर तारेची जाळी असायची. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये (१९०८–१९२७) तर फिल्टरही नव्हता आणि ऑइल पंपही नव्हता, आतल्या आत उडणाऱ्या तेलावर सगळं चालायचं. १९२४ च्या क्रायस्लरमध्ये बदलता येणारा फिल्टर आला, पण तो काळ ‘बायपास’ पद्धतीचा, म्हणजे पंपातनं निघालेल्या तेलाचा थोडासाच भाग गाळला जायचा आणि बाकीचं तसंच बेअरिंगांकडे, म्हणजे फिरत्या भागांच्या आधारांकडे, जायचं. सगळंच्या सगळं ऑइल आधी फिल्टरमधनं नेणारी ‘फुल फ्लो’ पद्धत साधारण १९४० च्या दशकात रुजली, आणि आज आपण हातानं फिरवून लावतो तो फिल्टरचा डबा १९५० च्या दशकाच्या मधल्या वर्षांतला. तो पहिल्यांदा आणल्याचा दावा एकाहून जास्त कंपन्या करतात. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीनं खरा टप्पा हा डब्याचाच धरावा, त्याआधी भांडं उघडून, धुऊन, आतला गाभा बदलायला लागायचा.

ग्रेडचा वाद. ऑइलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधला डब्ल्यू म्हणजे ‘विंटर’. काही जण ‘वेट’ (वजन) सांगतात ते चूक. एसएई या अमेरिकन संस्थेनं ऑइलच्या जाडपणाची वर्गवारी १९११ मध्ये केली, डब्ल्यूवाले ग्रेड नंतर, बहुधा १९३० च्या दशकात जोडले गेले. पहिला आकडा थंडीतला असतो. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसवरचा, तिथे ३० ग्रेडचा जाडपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (जाडपणा मोजायचं एकक) मधे हवा, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. इंदूरात हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘इथे मे महिन्यात पारा ४२ ला जातो, पातळ ऑइल टिकणार नाही, जाड टाका’. हा सल्ला पटण्यासारखा वाटतो पण यात गफलत आहे, कारण तापलेल्या इंजिनातलं ऑइल बाहेर १० अंश असो की ४२, नव्वद-शंभरच्या आसपासच फिरतं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि त्याचा प्रवाह सांभाळणारा थर्मोस्टॅट ते काम करत असतात, म्हणून बाहेरच्या उन्हाचा फरक वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी पडतो. हल्लीच्या इंजिनांत बेअरिंगची फट पातळ तेल धरूनच ठेवलेली असते. जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हवामानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असायचा, तो असेल तर त्यातला जाड ग्रेड निवडायला हरकत नाही, मात्र तक्त्याबाहेर जाऊ नये. ग्रेडसोबत एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचं दर्जा सांगणारं अक्षरही बघावं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, पेट्रोल इंजिनात नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं, उलटं नाही.

काळं झालं म्हणजे ऑइल संपलं, ही समजूतही तपासून घ्यावी. ऑइलमधला डिटर्जंट काजळी धरून ठेवतो म्हणून ते काळं होतं, डिझेल गाडीत तर थोड्याशा धावण्यातच. बदलायची वेळ मॅन्युअलप्रमाणे, बऱ्याच पेट्रोल गाड्यांत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. राजवाड्याच्या गर्दीत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणारी गाडी असेल तर वर्ष आधी भरतं आणि ते पाळावंच, कारण अर्धवट तापलेल्या इंजिनात पाणी आणि पेट्रोल तेलात उतरत राहतं.

कृती. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करायचं, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवायची, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीच जायचं नाही. नट बहुधा १४ किंवा १७ नंबरचा. खरी चूक होते ती फिल्टरशी. जुना डबा निघतो पण त्याची काळी रबरी रिंग कधीकधी इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहते, आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसला की दोन रिंगांच्या फटीतनं दाबाखालचं ऑइल मिनिटभरात जमिनीवर येतं. म्हणून जुन्या डब्याच्या तोंडाशी रिंग आली का ते बघायचं, ती नसेल तर वर बोट फिरवून शोधायची. नव्या रिंगेला बोटानं ताजं ऑइल चोळायचं, रबर टेकलं की हातानंच साधारण पाऊण फेरा, पाना लावायचा नाही. चेंबरच्या नटाचा वायसर नवा घालावा, नट नुसता जोर लावून आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि दहा-वीस रुपयांच्या वायसरच्या जागी मोठं काम निघतं. लहान गाडीत तीन-साडेतीन लिटर बसतं, आधी थोडं कमी भरून ऑइलची पातळी दाखवणारी काडी बघावी. सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाहीतर लगेच बंद.

जुनं ऑइल. भारतात वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलीय. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत राहिलं, कचरागाडीत घातक घरगुती कचऱ्याचा वेगळा कप्पाही आहे, पण चार लिटर काळं ऑइल त्यात ओतायची वस्तू नव्हे, आणि नालीत तर मुळीच नाही, ते खान आणि सरस्वती नद्यांकडेच जातं. रिकाम्या ऑइलच्या डब्यातच भरून, झाकण घट्ट लावून, ओळखीच्या गॅरेजात द्यावं, जिथे पुनर्शुद्धीकरणासाठी उचलणारा येतो अशा. सेंटरिंगच्या फळ्यांना किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते मागून नेणारे पुष्कळ भेटतात, तरी देऊ नये. जुन्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि जळण्यातनं झालेली विषारी द्रव्यं असतात, ते वारंवार कातडीला लागलं की कॅन्सरचा धोका आहे हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. फिल्टरही उलटा करून रात्रभर निथळत ठेवावा, आत बरंच ऑइल राहिलेलं असतं.