भिंतीला फोम आणि आवाज शेजारी

वरात दोन गल्ल्या पलीकडे असते आणि आपण खिडक्या लावून घरात बसलेलो असतो, तेव्हा ऐकू येतो तो घुमक्याचा, म्हणजे हलगीच्या जोडीच्या ढोलाचा, खर्ज. हलगीचा कडकडाट, कैताळाची किणकिण हे सगळं मधल्या भिंतींनी अडवलेलं असतं. खिडकी उघडली की हलगी एकदम अंगावर येते. घरात रियाजाला किंवा रेकॉर्डिंगला खोली करणाऱ्यानं एवढं एक ध्यानात घेतलं तरी पुष्कळ पैसे वाचतील. चढे, टोकदार आवाज अडवणं स्वस्त असतं, खालच्या पट्टीतले, खर्जाचे आवाज अडवणं महाग.

कोल्हापूरला गाण्याबजावण्याची हौस जुनीच. अल्लादिया खाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या पदरी होते. पण आता रियाज चालतो तो फ्लॅटच्या दहा बाय दहाच्या खोलीत, आणि भिंतीपलीकडे कुणाचं तरी पोरगं दहावीच्या अभ्यासाला बसलेलं असतं. मग ऑनलाइन मागवलेला काळा, टोकाटोकांचा फोम भिंतीभर चिकटवला जातो. खोलीत टाळी वाजवली की आवाज कसा दबका, स्टुडिओसारखा वाटतो! शेजाऱ्यांना मात्र पूर्वी जेवढं ऐकू यायचं तेवढंच येतं.

याचं कारण असं, की फोमचं काम खोलीतला घुमारा कमी करण्याचं आहे. त्याच्या बारीक छिद्रांत हवा घासते आणि आवाजातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. तेही वरच्या पट्टीतल्या आवाजांपुरतं. डग्ग्याचा आवाज शंभर हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, आसपास धरला तर त्याची लहर सुमारे 3.4 मीटर लांबीची होते. दोन इंची फोम तिच्यापुढं काय करणार? काहीजण भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात, त्यांचं तर नावच नको. शिवाय साधा फोम पेटला तर भराभर जळतो आणि विषारी धूर सोडतो.

आवाज बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर वजन लागतं. उसानं भरलेली ट्रॉली हातानं पुढं-मागं करून बघा. झटपट हिसके दिले तर ती दाद देत नाही, पण सावकाश रेटा लावला तर जराशी का होईना सरकते. हवेतल्या लहरी भिंतीला असंच ढकलत असतात. भिंत जड तेवढी ती कमी हलते, आणि ढकलणारा आवाज खालचा असेल तेवढी जास्त हलते. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण 5 ते 6 डेसिबलचा फायदा होतो. दोन्हीकडून गिलावा केलेली साडेचार इंची विटांची भिंत चाळीसच्या वर डेसिबल अडवते, नऊ इंची पन्नासच्या आसपास. म्हणजे बहुतेक घरांत भिंत हा प्रश्न नसतोच.

प्रश्न असतो दाराचा. सात बाय तीनच्या दाराखाली अर्ध्या इंचाची फट आहे असं समजा. क्षेत्रफळानं ती दाराच्या एक टक्कासुद्धा भरत नाही. पण हिशेब केला तर तेवढ्या फटीमुळं ते दार, शिशाचं केलं तरी, 22 डेसिबलच्या पुढं अडवू शकत नाही. आत तबला-पेटीसह 85 डेसिबलचं गाणं चाललं असेल तर दाराबाहेर साठीच्या वर आवाज राहणारच. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, हे शेजारी लक्षात ठेवून असतात. रात्री खोलीत दिवा लावा, बाहेर अंधार करा आणि दार लावून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज जातोच. चौकटीला चारी बाजूंनी रबरी पट्टी लावावी, पोकळ दार काढून भरीव घालावं, आणि खाली उंबरठा परत आणावा. फ्लॅटमधून उंबरठे गेले तेव्हा दार टेकायची खालची जागाच गेली.

सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या म्हणजे तर फटींचं गावच. त्या काढायची गरज नाही. आतून चारेक इंच अंतर सोडून दुसरी घट्ट बसणारी खिडकी लावावी, तिची काच पहिलीपेक्षा वेगळ्या जाडीची घ्यावी. अंतर अर्धा इंचच ठेवलं तर मधली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते आणि खालचे आवाज पलीकडं पोचवते.

पेठांतल्या जुन्या घरांचं दुखणं वेगळं. भिंती दीड-दोन फुटी मातीच्या, वर मात्र कौलं! तिथं पहिला पैसा छतावर घालावा. रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी भरण, भरून खाली जिप्सम बोर्डाचे दोन थर देता येतात, पण वासे ते वजन पेलतील का हे आधी मिस्त्रीला विचारावं. पावसाळ्यात गळकं कौल राहिलं तर भिजलेलं रॉकवूल काढून टाकण्याशिवाय इलाज नसतो.

डग्गा फरशीवर ठेवला की कंप थेट स्लॅबमध्ये उतरतो, आणि खालच्या मजल्यावर तो हवेतून आलेल्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. यावर भिंतींचा उपाय चालत नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत मशिनखाली घालतात तसल्या रबरी पॅडवर प्लायवूडचा दुहेरी पाट करून त्यावर बसावं. पॅड वजनानं थोडं दबलं पाहिजे, दगडासारखं राहिलं तर उपयोग शून्य.

आता आतला घुमारा. दहा बाय दहा, उंचीही दहाच, अशी खोली संगीताला सगळ्यात वाईट, कारण तिन्ही दिशांना एकच सूर, 56 हर्ट्झचा, आणि त्याच्या पटी फुगतात. पुस्तकांचं कपाट, गादी, भिंतीपासून वीतभर पुढं टांगलेली दोन-तीन घोंगडी यांनी बरंच काम होतं. फोमपेक्षा घोंगडी मला केव्हाही पसंत.

एवढं सगळं बंद केल्यावर मे महिन्यात आत माणूस किती वेळ बसणार? हवेसाठी भोक ठेवावंच लागतं, पण सरळ नको. आतून रॉकवूल लावलेली, दोनदा वळण घेतलेली लाकडी पेटी बसवावी आणि तिच्या तोंडाशी हळू फिरणारा पंखा. हवा वळणं घेऊन आत येते. आवाज मात्र प्रत्येक वळणावर रॉकवूलला धडकतो आणि त्यातला बराचसा तिथंच जिरतो.