बर्लिन की टोरांटो: एकाला दाखला हवा, दुसऱ्याला भाडेकरार

परदेशात स्थायिक व्हायचा विषय निघाला की आमच्या गे मित्रांच्या घोळक्यात दोन नावं हमखास येतात, बर्लिन आणि टोरांटो. तीही एका दमात. "कुठंही जा रे, दोन्हीकडे लग्न कायदेशीर आहे!" हे खरंच आहे. कॅनडात देशभर 20 जुलै 2005 पासून आणि जर्मनीत 1 ऑक्टोबर 2017 पासून. पण भारतातून निघणाऱ्या दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एवढ्या माहितीचा फारसा उपयोग नाही. तिथं पोचल्यावर लग्न करता येणं वेगळं, आणि "हा माझा माणूस, याला सोबत आणतोय" असं आज पुण्यात बसून अर्जात लिहिता येणं वेगळं. ही दोन शहरं एकमेकांपासून फुटतात ती या दुसऱ्या प्रश्नावर. आणि त्याचं उत्तर शहर देत नाही, देश देतो. शहरांच्या क्रमवाऱ्या वाचण्यात मी आणि माझ्या जोडीदारानं वर्ष घालवलं, ते थोडं वायाच गेलं.

आधी बर्लिन. समजा, दोघांपैकी एकाला तिथं नोकरी लागली आणि ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना, मिळालं. त्याच ऑफिसात लागलेला त्याचा विवाहित सहकारी बायकोला सहज नेतो. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि कामाची परवानगीही लगेच मिळते. पुरुषाच्या नवऱ्यालाही हेच सगळं मिळतं, भेदभाव नाही. अट एकच, तो नवरा हवा. दहा वर्षं एका घरात काढली, गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे, आजारपणं एकमेकांची काढली, यातलं काहीही कुटुंब-व्हिसाच्या नियमाला दिसत नाही. लग्नाऐवजी केलेली नोंदणीकृत भागीदारी चालते, पण ती आपल्याकडे नाहीच, आणि खुद्द जर्मनीनं 2017 नंतर नव्यानं करणं बंद केलं.

मग लग्न करायचं कुठं? सर्वोच्च न्यायालयानं 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाला मान्यता नाकारून आपल्यापुरता दरवाजा लोटून घेतला. जर्मनीतल्या विवाह नोंदणी कार्यालयात करायचं म्हटलं तर ते आधी तुमच्या देशाचा दाखला मागतात, की या माणसाच्या लग्नाला काही कायदेशीर अडथळा नाही. तसा दाखला भारतात मिळत नाही. त्यामुळे तिथल्या वरच्या न्यायालयाकडून सूट घ्यायची, त्यासाठी जन्मदाखल्यापासून सगळे कागद भाषांतर करून, पडताळून द्यायचे. महिने जातात. म्हणून जर्मनीत राहणारी परदेशी जोडपी, समलिंगी असोत वा नसोत, सरळ डेन्मार्क गाठतात. तिथं 2019 पासून एकच सरकारी कार्यालय कागद तपासतं. तिथलं रहिवासी असण्याची अट नाही. कोपनहेगनमध्ये नाहीतर एरो नावाच्या चिमुकल्या बेटावर लग्न लावून लोक परत येतात. जगात समलिंगी जोडप्यांची सरकारी नोंद सर्वांत आधी केली तीही याच देशानं, 1989 मध्ये. फक्त डेन्मार्कमध्ये कायदेशीर प्रवेश दोघांकडेही हवा. एकाकडे जर्मनीचा परवाना असेल, पण दुसरा तिशीतला, अविवाहित, पासपोर्टवर एकही शिक्का नसलेला. त्याला आधी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा, पर्यटक व्हिसा मिळायला हवा. गाडी बहुतेकांची इथंच अडते.

टोरांटोचं दार दुसऱ्याच किल्लीनं उघडतं. कॅनडाच्या स्थलांतर नियमांत नवरा-बायकोच्या शेजारीच 'कॉमन-लॉ पार्टनर' बसलेला असतो. निदान एक वर्ष सलग एका घरात दांपत्यासारखे राहिला असाल तर तुम्ही त्यात मोडता. स्त्री-पुरुष असा भेद नाही. एक्सप्रेस एंट्रीच्या, म्हणजे कुशल कामगारांना कायमचं वास्तव्य देणाऱ्या योजनेच्या, एकाच अर्जात दोघांची नावं जातात, दोघांना मिळून कायमचं वास्तव्य मिळतं. लग्नाचा दाखला कोणी मागत नाही. मात्र तो नसल्यामुळे बाकी सगळं मागतात: दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त बँक खातं, एकाच पत्त्यावर आलेली पत्रं, विम्यात एकमेकांचं नाव, आणि आम्ही जोडपं आहोत असं शपथेवर लिहून दिलेला कागद.

याच्या बाजूला 'कॉन्जुगल पार्टनर' नावाचा आणखी एक शब्द आहे आणि भले भले तिथं फसतात. खऱ्या अडचणीमुळे ज्यांना लग्नही करता आलं नाही आणि एकत्रही राहता आलं नाही, त्यांच्यासाठी तो आहे. पण त्याचा उपयोग एकालाच होतो: जो आधीच कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी आहे आणि देशाबाहेरच्या जोडीदाराला प्रायोजित करतोय त्याला. पुण्याहून दोघांनी एकत्र अर्ज करायचा तर तो शब्द विसरा. व्हिडिओ कॉलवर लग्न लावून देणाऱ्यांच्या जाहिराती दिसतात, त्याही विसरा. लग्नाच्या वेळी दोघं प्रत्यक्ष हजर नसतील तर कॅनडाचं स्थलांतर खातं ते लग्न धरत नाही.

एक गोष्ट जरा ओरडूनच सांगतो. घरी माहीत नाही म्हणून, किंवा नुसत्या सवयीनं, आपल्यातले बरेच जण फॉर्मवर 'सिंगल' लिहितात. कॅनडाच्या अर्जात असं करू नका. कायमचं वास्तव्य घेताना जो जोडीदार तुम्ही दाखवला नाही, त्याला पुढे कुटुंबाचा माणूस म्हणून बोलावण्याचा रस्ता सर्वसाधारणपणे बंद होतो. तो तुमच्यासोबत लगेच येणार नसला तरी त्याचं नाव द्यायचंच असतं. आईला कळू नये म्हणून लिहिलेला एक शब्द तुमचा संसार कायमचा तोडू शकतो.

आता आमची गंमत. आम्ही चार वर्षं कोथरूडला एका वन-बीएचकेमध्ये राहिलो. घरमालकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "करार एकाच्याच नावावर करू, दुसरा मित्र म्हणून राहू दे." आम्हाला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, प्रश्न नकोत! आज त्या चार वर्षांचा हिशेब मांडला तर कागदोपत्री मी एकटाच राहिलो. त्याचं आधार साताऱ्याच्या पत्त्यावर, माझं सांगलीच्या. विजेचं बिल मालकांच्या नावावर. एकत्र राहिल्याचा पुरावा म्हणून आमच्याकडे एक कुकर आहे, ज्याची शिटी त्यानं बदलली आणि रबर मी. आणि महाराष्ट्रातला लीव्ह अँड लायसन्स बहुतेक वेळा 11 महिन्यांचा, कॅनडाला हवे 12! म्हणजे एका कराराची पुंजी पुरत नाही, त्याच दोन नावांचं नूतनीकरणही लागतं.

त्यातल्या त्यात एक बरं झालं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्या खात्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठीही अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातलं धरावं असं केंद्रानं राज्यांना कळवलंय. लग्नाच्या मानानं ही चिल्लर. पण टोरांटोच्या फाइलमध्ये हीच चिल्लर नोटेसारखी चालते, आणि बर्लिनच्या फाइलमध्ये तिला काडीची किंमत नाही.

मग बर्लिनला जावंच का? कारण व्हिसा लागल्यानंतर प्रश्न शहराचा होतो, आणि तिथं बर्लिन माझ्या मते सरस आहे. माग्नुस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टरनं 1919 मध्ये तिथं लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली होती. 1933 च्या मे महिन्यात नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि तिथली पुस्तकं चौकात जाळली. पुरुषांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं 175 वं कलम पूर्णपणे पुसलं गेलं ते थेट 1994 मध्ये. एवढं सोसलेल्या शहरानं 2001 ते 2014 उघडपणे गे असलेला महापौर ठेवला. नोलेनडॉर्फप्लाट्झ स्टेशनचा घुमट रात्री सप्तरंगात उजळतो आणि त्याच स्टेशनच्या भिंतीवर मारल्या गेलेल्यांसाठी गुलाबी त्रिकोणाची पाटी आहे. मला मोह पडतो तो मात्र साध्या गोष्टीचा. जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो, टपाल बेलवरच्या आडनावावर येतं. त्यामुळे एका बेलवर दोन आडनावं लावावीच लागतात. नाही लावलं तर दुसऱ्याचं पत्र परत जातं.

टोरांटोची ओढ वेगळी आणि जरा अवघड. चर्च आणि वेलस्ली रस्त्यांच्या नाक्याभोवतीची वस्ती जुनी आहे. 1981 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी शहरातल्या, गे पुरुष जिथं जमायचे त्या स्नानगृहांवर धाडी घालून एका रात्रीत सुमारे 300 माणसं पकडली, आणि त्याबद्दल माफी मागितली ती 2016 मध्ये. पण आपल्या लोकांच्या दृष्टीनं खरं टोरांटो म्हणजे शेजारचं ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा. ब्रॅम्प्टनमध्ये निम्म्याहून जास्त वस्ती दक्षिण आशियाई आहे. भाकरीचं पीठ मिळेल, गणपतीत आरती मिळेल, आणि त्याच आरतीनंतर "मिसेस नाही आल्या?" हेही मिळेल. बर्लिनमध्ये हा प्रश्न क्वचितच येईल, कारण विचारणारं माणूसच दूर राहतं. काहींना तेच हवं असतं. मला नको. मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय.

मूल हवं असेल तर तराजू सरळ टोरांटोकडे झुकतो. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत 2017 पासून नियम असा की गर्भधारणेआधी लेखी करार असेल तर चारपर्यंत पालकांची नावं जन्मनोंदीत येऊ शकतात. पैसे न घेता केलेली सरोगसी कॅनडात चालते. जर्मनीत ती पूर्ण बंद आहे, आणि विवाहित दोन बायकांपैकी एकीला बाळ झालं तर दुसरीला ते दत्तकच घ्यावं लागतं.

आम्ही टोरांटो धरलंय. गेल्या रविवारी भाडेकरारासाठी एजंटकाका लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आले. घर नवं, मालकीणबाई नव्या. "दोघांची नावं कशाला घालता? एकाच्या नावावर करा, सोपं पडतं," काका म्हणाले.

"नाही काका, दोघांचीच घाला."

त्यांनी खांदे उडवले. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. त्याचा लागेना, एकदा, दोनदा, तीनदा.

"अरे, हात बघू तुझा," मी म्हटलं. अंगठ्याच्या रेघांत कणीक सुकली होती. तो धुऊन आला, शर्टाला पुसला, आणि चौथ्यांदा मशीननं हिरवा दिवा दाखवला.