रॉक अँड रोल पँटो

रॉक अँड रोल पँटो : ब्रिटनमध्ये नाताळच्या हंगामात सहकुटुंब पाहिल्या जाणाऱ्या पँटोमाइम नाटकाचा एक प्रकार. यात वेगळा वाद्यवृंद नसतो. भूमिका करणारे नटच रंगमंचावर गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड, सॅक्सोफोन वाजवतात आणि गातातही. मराठीत पँटोमाइम म्हटले की मूकाभिनय आठवतो. ब्रिटिश पँटो मात्र बोलका, गाता आणि भरपूर आरडाओरड्याचा असतो.

पँटोची मुळे इटलीतील मुखवट्यांच्या विनोदी नाट्यात आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन रिच याने लंडनमध्ये त्याला लोकप्रिय केले. पुढे विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) आपल्या एका गाण्यातला शब्द मुद्दाम गाळत असे आणि प्रेक्षक तो ओरडून भरत. ती सवय आजही टिकून आहे. खलनायक मागून आला की मुले ‘तुझ्या मागे आहे!’ म्हणून ओरडतात, ‘नाही!’ला ‘हो!’ने उत्तर देतात. सिंड्रेला, अलादीन किंवा जॅक आणि वेल अशी ओळखीची गोष्ट, चांगली परी नटाच्या उजवीकडून आणि दुष्ट पात्र डावीकडून येण्याचा संकेत, आणि पुरुषाने रंगवलेली वयस्क बाई म्हणजे ‘डेम’, एवढे सामान बहुतेक पँटोंत असते. तमाशाच्या गवळणीतली मावशी पाहिलेल्याला डेम समजावून सांगावी लागत नाही.

रॉक अँड रोल पँटोने या सांगाड्याला हात लावला नाही, फक्त बँड विंगेतून किंवा रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यातून काढून गोष्टीच्या आत आणला. लिव्हरपूलचे एव्हरीमन, वेल्समधील मोल्ड गावचे थिएटर क्लुइड, इप्सविचचे न्यू वूल्झी आणि लीड्समधील १८६५ चे सिटी व्हरायटीज ही या प्रकाराची ठळक ठिकाणे. लेखक-दिग्दर्शक पीटर रो यांचे नाव त्याच्याशी विशेष जोडलेले आहे. गाणी बहुधा नवी रचलेली नसतात. गेल्या काही दशकांतली गाजलेली रॉक, पॉप आणि सोल गाणी कथेच्या प्रसंगात बसवतात. आजी-आजोबांच्या तरुणपणीचे गाणे सुरू झाले की तेही नातवंडांबरोबर गुणगुणू लागतात. तीन पिढ्या एकाच रांगेत रमतात याचे मोठे श्रेय या निवडीला द्यायला हवे.

नटाच्या दृष्टीने मात्र हे काम फार कठीण आहे. बास वाजवणारा राजपुत्र संवादासाठी पुढे आला की बास दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात हवाच, नाहीतर गाण्याचा पायाच निघून जातो. म्हणून तालमीत संवादांइतकाच वेळ कोणते वाद्य कोणाकडून कोणाकडे कधी जाणार हे बसवण्यात जातो. डेमला फुगीर झग्यावर गिटारचा पट्टा अडकवावा लागतो. ड्रमवाल्याला तर नजर हलवायची सोय नाही : कोणी थोबाडीत मारली, घसरून पडला किंवा दार आपटले की त्याच क्षणी त्याचा ठोका पडायला हवा. अर्धा क्षण उशीर झाला तर विनोद मेला. शिवाय हंगामात बहुधा दिवसाला दोन प्रयोग असतात, आणि शाळांच्या मुलांसाठीचा प्रयोग सकाळीच सुरू होतो. इतक्या सकाळी वरच्या सुरात रॉक गाणे ही गळ्याची खरी परीक्षा.

असे नट-वादक तयार करणारा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम लंडनच्या रोझ ब्रुफर्ड महाविद्यालयात आहे. नट आणि वादक वेगवेगळे ठेवण्याचा खर्च वाचतो हे खरे. पण तेवढ्यावरच हा प्रकार टिकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाद्य पात्राच्या हातात असले की सूर त्याच्या स्वभावाचा भाग होतो. दुष्ट सावत्र आईने स्वतः छेडलेला इलेक्ट्रिक गिटारचा कर्कश स्वर खड्ड्यातून येणाऱ्या संगीतापेक्षा मुलांना जास्त घाबरवतो, आणि हुर्यो करायला जास्त जोर आणतो.

पँटोच्या शेवटच्या यमकबद्ध ओळी तालमीत म्हणणे अपशकुनी मानतात. त्या पहिल्यांदा उच्चारल्या जातात त्या भरल्या प्रेक्षागृहासमोर. साधारण पँटो तिथे, लग्नाच्या झगमगीत पोशाखातच संपतो. रॉक अँड रोल पँटोत नवरानवरी त्याच पोशाखात पुन्हा वाद्ये गळ्यात अडकवतात, खलनायकही त्यांना साथ देतो आणि सगळे प्रेक्षागृह उभे राहून नाचू लागते.