नाशिक जिल्ह्यात रेडिओ केंद्रासाठी अर्ज: लिलाव कुणासाठी, परवानगी कुणाला आणि अर्ज अडतो कुठे

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांमधल्या ७३० एफएम वाहिन्यांच्या ई-लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत मालेगाव होतं. तेव्हापासून निफाड, सटाणा, कळवण, सिन्नर, कुठूनही एकच विचारणा होते: आमच्या संस्थेला बोली लावायची आहे, कागद कोणते जोडू?

कागदांच्या आधी रस्ता ठरवावा लागतो. रेडिओ केंद्राचे आपल्याकडे दोन वेगळे रस्ते आहेत. खासगी एफएमसाठी लिलाव होतो आणि त्यात फक्त कंपनीला उतरता येतं. सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे संस्थेने आपल्या भागातल्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या केंद्रासाठी, लिलाव नाही, बोली नाही, पण तिथे नफ्यासाठी चालणाऱ्या कोणालाही प्रवेश नाही. दोन्हीचे अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडेच जातात, म्हणून गोंधळ होतो. ट्रस्टने लिलावाची तयारी करायची आणि कंपनीने सामुदायिक रेडिओचा अर्ज भरायचा, असे प्रकार सर्रास घडतात. दोघांचाही वेळ फुकट जातो आणि ऑडिटर, वकील यांची फी वर.

लिलावाचा रस्ता

लिलावात तुम्ही लहरी विकत घेत नाही, एका ठरावीक शहरात त्या वापरण्याची १५ वर्षांची परवानगी घेता. मालेगावची वाहिनी म्हणजे मालेगावचीच. तिचा आवाज मनमाड रस्त्यावर पुढपर्यंत ऐकू आला तरी नाशिक शहर तुमच्या परवानगीत येत नाही. नाशिकची वाहिनी वेगळी, धुळ्याची वेगळी, नंदुरबारची वेगळी. लहरींना तालुक्याची शीव कळत नाही, पण परवानगी शहराच्या नावानेच निघते, आणि धंद्याचं गणित त्याच हद्दीत बसवावं लागतं. शेजारच्या दोन शहरांना एकच फ्रिक्वेन्सी देता येत नाही, कारण मधल्या गावांत दोन्ही कार्यक्रम एकमेकांत मिसळतील. त्यामुळे तुमच्या शहरात कोणत्या फ्रिक्वेन्सी मिळतील हे शेजारच्या शहरात आधीपासून काय चालू आहे यावरही अवलंबून असतं.

मोबाइलच्या स्पेक्ट्रमची हद्द याहून निराळी. तिथे देशाची २२ परवाना क्षेत्रं आहेत. नाशिक येतं महाराष्ट्र क्षेत्रात. त्यात गोवा आहे, मुंबई नाही. मुंबईचं क्षेत्र स्वतंत्र आहे आणि नवी मुंबई, कल्याण त्यात मोडतात. मोबाइल लिलावाच्या बातम्यांमधले आकडे वाचून कुणी एफएमचा अंदाज बांधू नये.

एफएमचा लिलाव ऑनलाइन होतो आणि सगळी शहरं एकाच वेळी बोलीवर असतात. फेरीमागून फेरी भाव चढत जातो. मालेगाव महाग झालं तर पुढच्या फेरीत नंदुरबारकडे वळता येतं, हा या पद्धतीचा फायदा. मात्र तुम्ही किती ठिकाणी बोली लावू शकता हे सुरुवातीला भरलेल्या अनामत रकमेवर ठरतं, आणि एखाद्या फेरीत हात राखून बसलात तर पुढच्या फेऱ्यांतली पात्रता घटते. ‘आधी बघू, शेवटी एकच मोठी बोली लावू’ हा बाजार समितीतला हिशोब इथे चालत नाही. अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख आणि लिलाव सुरू होण्याची तारीख या दोन वेगळ्या तारखा असतात. बोली सुरू होईल तेव्हा नवा माणूस आत येऊ शकत नाही. वर्तमानपत्रात छापून येते ती बहुतेक वेळा दुसरी तारीख, म्हणून लिलावाची मूळ सूचनाच डाउनलोड करून वाचा.

पैशाचं थोडक्यात. ७३० वाहिन्यांची मिळून राखीव किंमत, म्हणजे बोलीचा किमान भाव, ७८४.८७ कोटी रुपये ठेवली होती. सरासरी काढली तर एका वाहिनीला कोटीच्या थोडं वर जातं, पण प्रत्येक शहराची किंमत वेगळी असते. जिंकलेली रक्कम हे एकदाच भरायचं प्रवेश शुल्क. त्यानंतर दरवर्षी जीएसटी वगळून एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के परवाना शुल्क. हे शुल्क नफ्यावर नाही, उत्पन्नावर आहे. केंद्र तोट्यात असलं तरी ते भरावं लागतं. एकाच शहरातल्या ४० टक्क्यांहून जास्त वाहिन्या एका कंपनीला घेता येत नाहीत.

खरी अडचण अपात्रतेच्या कलमात आहे. अर्जदार कंपनी कायद्याखाली भारतात नोंदलेली कंपनी हवी, एवढंच वाचून लोक पुढे जातात. पण ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा संस्थेच्या ताब्यातली वा तिच्याशी संलग्न असलेली कंपनी चालत नाही. धार्मिक संस्थेशी, राजकीय पक्षाशी संबंधित कंपनी चालत नाही. जाहिरात एजन्सी आणि तिची सहयोगी कंपनीही चालत नाही. म्हणजे शिक्षणसंस्थेने लिलावापुरती खासगी कंपनी काढली आणि संचालक म्हणून तेच विश्वस्त बसवले, तर ती वाट तिथेच बंद होते. ‘आमच्या सल्लागाराने सांगितलं चालेल’ असं म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, अनामत भरण्यापूर्वी ते कलम स्वतः वाचा.

बाकी कागद नेहमीचे: नोंदणी प्रमाणपत्र, कंपनीची घटना व नियमावली, संचालक आणि भागधारकांचा तपशील, सनदी लेखापालाचं नेटवर्थ प्रमाणपत्र.

सामुदायिक रेडिओचा रस्ता

फोन करणाऱ्या बहुतेक संस्थांचं काम इथलं आहे. २००२ मध्ये ही परवानगी फक्त शिक्षणसंस्थांसाठी होती, २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांना खुली झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वं आली. जुनी पीडीएफ अजूनही सगळीकडे फिरते. तिच्यात परवानगीची मुदत ५ वर्षं आहे, आता ती १० वर्षं झाली आहे. तासाला जाहिराती आता १२ मिनिटांपर्यंत घेता येतात. नाशिकमध्ये ‘रेडिओ विश्वास’ याच रस्त्याने सुरू झालं. अर्ज करण्याआधी चालू केंद्रात एक दिवस बसून काम बघावं, पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

पात्र कोण? नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं. व्यक्तीला मिळत नाही. राजकीय पक्ष आणि त्यांच्या विद्यार्थी, महिला, कामगार आघाड्यांना मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष आणि कांद्याच्या शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांचं काम चांगलं आहे, गावाला त्यांच्या रेडिओचा उपयोगही होईल. पण त्या सभासदांच्या नफ्यासाठी चालतात, म्हणून अर्ज बसत नाही. पतसंस्थांचंही तेच.

आता तीन वर्षांची अट. नोंदणी अर्जाच्या दिवशी किमान तीन वर्षं जुनी हवी, आणि ज्या भागातल्या लोकांसाठी केंद्र हवं, त्या समाजात तीन वर्षं काम केल्याचा पुरावा हवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था १९९० ची आहे, पण सगळं काम नाशिकरोड आणि पंचवटीत, आणि केंद्र हवं सुरगाण्यात, तर पहिली अट पूर्ण होते, दुसरी होत नाही. याच्या उलट चूक त्याहून वाईट: ‘रेडिओचा कारभार वेगळा राहू दे’ म्हणून चांगली जुनी संस्था बाजूला ठेवून नवा ट्रस्ट नोंदवतात. त्या ट्रस्टला तीन वर्षं थांबावंच लागतं. कृपा करून नवा ट्रस्ट काढू नका, जुन्या संस्थेचाच अर्ज भरा आणि कार्यकारिणीचा ठराव जोडा.

सगळ्यात जास्त संस्था अडतात त्या ‘परिशिष्ट एक’वर. महाराष्ट्रात ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि विश्वस्त कोण हे परिशिष्ट एकवर दिसतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात काय दिसतं? अध्यक्ष वारले, नवे अध्यक्ष बैठकीत निवडले, इतिवृत्तात सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि अहवाल दाखलच झाला नाही. नाहीतर दाखल झाला आणि वर्षानुवर्षं प्रलंबित आहे. मग अर्जावर सही नव्या अध्यक्षांची, आणि जोडलेल्या उताऱ्यावर नाव दिवंगत अध्यक्षांचं. पदाधिकाऱ्यांची पडताळणी गृह मंत्रालयापर्यंत जाते, तिथे ही तफावत कोण खपवून घेणार? दोष संस्थेचा आहेच, पण एका साध्या फेरफाराला इतका काळ का लागावा, याचं उत्तर व्यवस्थेनेही द्यायला हवं. गावात पंचवीस वर्षं आरोग्याचं काम करणारी माणसं या एका कागदासाठी तारखांवर तारखा घेतात, हे पाहवत नाही. तुमचा अहवाल प्रलंबित असेल तर रेडिओच्या अर्जाआधी तोच मार्गी लावा. दाखल केल्याची पोच आणि ठरावाची प्रत जवळ ठेवा, पण पोच म्हणजे मंजुरी असं समजू नका.

तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि वार्षिक अहवाल लागतात. अहवालात गावांची नावं येऊ द्या. ‘ग्रामीण भागात विविध उपक्रम राबवले’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. ‘पेठ तालुक्यातल्या अमुक पाड्यांवर अमुक शिबिरं’ असं लिहिलं तर सिद्ध होतं.

गावांची यादी आणि मनोऱ्याची जागा

अर्जात तुमच्या समाजाचं भौगोलिक क्षेत्र गावांच्या नावांसह लिहावं लागतं, आणि ट्रान्समीटर व अँटेना त्याच क्षेत्रात हवी. केंद्राची पोहोच ५ ते १० किलोमीटर धरलेली असते, प्रसारणाची शक्ती साधारण १०० वॉट. यादी लिहिताना उत्साहाच्या भरात अख्खा तालुका टाकला जातो. सुरगाणा-पेठच्या संस्था सीमेपलीकडची गुजरातची गावंही लिहितात, कारण भाषा एक, नातीगोती एक, बाजार एक. भावना खरी आहे, आणि आवाज तिकडे जाईलही. पण तीन वर्षांच्या कामाचा पुरावा ज्या गावांचा आहे आणि जी गावं पोहोचीत बसतात, तेवढीच लिहा. जास्त गावं लिहून अर्ज भक्कम होत नाही, उलट प्रत्येक गावाचा पुरावा मागितला जातो. दुसऱ्या जिल्ह्यातही काम असेल तर तिथल्या केंद्रासाठी वेगळा अर्ज करता येतो. सुधारित नियमांनुसार एक संस्था आपल्या कामाच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहा केंद्रांपर्यंत जाऊ शकते.

अक्षांश-रेखांश भरताना फार जपा. मोबाइलचा नकाशा दशांशात आकडा दाखवतो, अर्जात अंश, मिनिटं, सेकंद लागतात. कळवण परिसरातल्या जागेचा अक्षांश मोबाइलवर २०.४५२५ दिसला आणि कुणी तो २० अंश ४५ मिनिटं २५ सेकंद असा उतरवला, तर मनोरा कागदावर सुमारे ३४ किलोमीटर उत्तरेला, पार बागलाणात जातो. बरोबर उत्तर आहे २० अंश २७ मिनिटं ९ सेकंद. दशांशानंतरचा भाग ६० ने गुणा म्हणजे मिनिटं मिळतात, उरलेला अपूर्णांक पुन्हा ६० ने गुणा म्हणजे सेकंद. हे गणित दोघांनी वेगवेगळं करून ताडून पाहा.

उंचीचंही असंच होतं. अँटेना जमिनीपासून किमान १५ आणि जास्तीत जास्त ३० मीटर उंच चालते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा रकाना वेगळा आहे. नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, तो आकडा चुकून अँटेनाच्या उंचीत गेला की अर्ज परत. शिवाय आपल्याकडे ओझरचा विमानतळ आहे, देवळालीला तोफखान्याचा परिसर आहे. जागेच्या मंजुरीत विमानवाहतूक आणि संरक्षण खात्याचाही विचार होतो, त्यामुळे या भागातल्या अर्जदारांनी जागेचा तपशील अगदी काटेकोर द्यावा.

हेतुपत्रानंतर

अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर करायचा. छाननी, मंत्रालयांच्या मंजुऱ्या आणि मग हेतुपत्र, म्हणजे परवानगी देण्याचा इरादा कळवणारं मंत्रालयाचं पत्र. इथे अनेक संस्था सत्कार घेतात आणि थांबतात. हेतुपत्र म्हणजे परवानगी नव्हे. त्याची मुदत एक वर्ष आहे, वर तीन महिने अनपेक्षित अडचणींसाठी. ते तीन महिने आधीच हिशोबात धरून चालणं धोक्याचं आहे. हेतुपत्र हातात पडलं की लगेच दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर फ्रिक्वेन्सी आणि मनोऱ्याच्या जागेच्या मंजुरीसाठी, म्हणजे सॅक्फासाठी, अर्ज टाका. दिल्लीतलं हे दुसरं खातं आहे. पहिल्या खात्याने हेतुपत्र दिलं म्हणून हे आपोआप हलत नाही. सॅक्फा मिळाल्यावर मंत्रालयाशी करार, आणि करारानंतर वायरलेस चालवण्याचा परवाना.

हा शेवटचा परवाना मिळेपर्यंत ट्रान्समीटर सुरू करायचा नाही, चाचणीसाठीसुद्धा नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ट्रान्समीटर तर घेऊच नका, विनापरवाना प्रसारण हा गुन्हा आहे आणि तो संस्थेच्या नावावर लागतो. तोवरचे महिने कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्यात घालवा. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावे लागतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. पाऊस, बाजारभाव, गावातली जत्रा, दहावीचं मार्गदर्शन यांना आडकाठी नाही. ध्वनिमुद्रणं तीन महिने जपून ठेवायची असतात, त्यासाठी हार्ड डिस्कची सोय पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.