दुसऱ्या ड्रायव्हरला मुद्दाम कमी ताकदीचं इंजिन? खुलासा

रविवारी संध्याकाळी पानठेल्यावर मोबाइलवर फॉर्म्युला वनची कार शर्यत लागली की एक जण म्हणतोच, "टीमनं दुसऱ्या ड्रायव्हरला ढिलं इंजिन देलं, दुसरं काय!"

हे पटण्यासारखं नाही. प्रत्येक टीमच्या दोन गाड्या धावतात. टीमच्या गुणांच्या यादीत दोन्ही गाड्यांचे गुण धरतात (शर्यतीत पहिल्या नंबरला २५, दुसऱ्याला १८) आणि बक्षिसाचा पैसा त्या यादीवर ठरतो. शंकरपटात जोडीतला एक बैल उपाशी ठेवून कोणी पट जिंकतो का?

पक्षपात होतो, पण तो वेगळ्या जागी. आधी पिटचा, म्हणजे टायर बदलायला थांबायच्या जागेचा, क्रम बघा. नवे टायर जुन्यापेक्षा बरेच वेगवान असतात, म्हणून जो एक फेरी आधी आत येतो तो पुष्कळदा पुढे निघतो. हा पहिला हक्क सहसा पुढे असलेल्याला मिळतो. दोघांना एकाच फेरीत बोलावलं, तर मागचा पहिल्याचे टायर बदलेपर्यंत तिथंच खोळंबतो. दुसरी जागा नव्या भागांची. २०१० साली सिल्व्हरस्टोनला रेड बुल टीमनं आपल्या एका ड्रायव्हरच्या, वेबरच्या, गाडीवरचा नवा पुढचा पंख काढून दुसऱ्याला, व्हेटेलला, दिला, कारण त्याचा तुटला होता. शर्यत मात्र वेबरनंच जिंकली!

आणि तिसरी जागा म्हणजे टीमचा ड्रायव्हरला थेट हुकूम. २००२ मध्ये ऑस्ट्रियात फेरारी टीमच्या बॅरिकेलोनं शेवटच्या फेरीत आपल्याच टीमच्या शूमाकरला वाट दिली. त्यानंतर असे हुकूम बंद झाले, २०११ पासून पुन्हा चालतात. म्हणून इंजिनच्या आवाजापेक्षा टीमचं ड्रायव्हरशी रेडिओवरचं बोलणं ऐका.